बटण न दाबणारे सुतारकाका

प्रिय दादा,

तुला नमस्कार, वहिनीला आणि पिल्लाला पुष्कळ प्रेम. मी बरी आहे, वेळेवर जेवते, असं आईला सांग. पिल्लाचा हलणारा दात पडला का?

माझं काम मेंदूची चित्रं काढणाऱ्या मशीनपाशी आहे. मोठा आघात सोसल्यावर काहींना, जवळ कुणी नसतानाही, बोलणं ऐकू येतं. त्या वेळी मेंदूचे कोणते भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात, ते आम्ही तपासतो. अजून सगळं उलगडलेलं नाही. मशीनमध्ये झोपलेलं असताना बोलणं ऐकू आलं की माणसानं हातातलं बटण दाबायचं.

काल एक सुतारकाका आले होते. त्यांचा भाऊ पुरात गेला. त्यांनी बटण एकदाही दाबलं नाही. ते मशीनमधून बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, आज काहीच ऐकू आलं नाही?"

"आलं की! पण दाबलं असतं तर वेडा ठरवून कामावरून काढलं असतं मला."

"कामावर आम्ही काही कळवत नाही, काका. आणि हे वेड नाही, दुखावलेलं मन आहे."

"मग हे आधी नीट सांगायचंस ना, पोरी! उगाच दात आवळून पडलो." ते हसले आणि हसता हसता रडले.

दादा, कारखान्यातल्या स्फोटानंतर तू जेवताना "आलो, आलो" म्हणत उठतोस. कुणी हाक मारलेली नसते. मी सुट्टीत पाहिलंय.

वहिनीला खरं सांग आणि तिला घेऊन मनाच्या डॉक्टरांकडे जा. तिला वाटतं, तू तिच्यावर रागावून ताटावरून उठतोस.

तुझं शेपूट