मदत कक्षाची दोन दारं

३ ऑगस्ट, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. रोज लिहायची, खाडाखोड न करता.
कॉलेजने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मदत कक्ष उघडला आणि त्यात मला बसवलं. पद तात्पुरतं. उपप्राचार्य मॅडम म्हणाल्या, महिनाअखेर तीनशे भेटी झाल्या तर पद कायम, नाहीतर त्या खोलीत पुन्हा मोडकी बाकं ठेवू. मी म्हटलं, तीनशे काय, चारशे होतील. म्हणताना मॅडमचंच पेन खिशाला लावलं, पण ते सवयीने.
मी स्वतः पहिल्या वर्षाला तीन आठवडे होतो. (तब्येतीमुळे सोडलं.) म्हणजे अनुभव आहे.
खोलीला दोन दारं. एक कॉरिडॉरमध्ये, एक मागच्या गल्लीत. हवा खेळती.

६ ऑगस्ट
भेटी: दोन. एकजण खोली चुकून आला. दुसरी निळ्या सॅकवाली मुलगी. बसू का म्हणाली, बसली, पंधरा मिनिटं सॅकची चेन उघडत-मिटत राहिली. मग म्हणाली, सर, वर्गात काहीच कळत नाही, घरी परत जावंसं वाटतं. मी तिला माहितीपत्रक दिलं. (शुद्धलेखन मी तीनदा तपासलंय.) ती म्हणाली, हे वाचलंय. मग काय करणार? पण मला ‘सर’ म्हणाली.
घरी ताई म्हणाली, दोन माणसं तर आपल्याकडे नुसता पत्ता विचारायला येतात.

८ ऑगस्ट
युक्ती सुचली. मॅडमच्या सहीने नोटीस लावली: मदत कक्षात जाणाऱ्या विद्यार्थ्याला कोणत्याही तासाला अडवू नये.

११ ऑगस्ट
भेटी: चोवीस. समोरच्या वर्गात अकराच्या तासाची हजेरी संपली आणि रांगच लागली. एकाने विचारलं, सर, हे मागचं दार उघडंच असतं का? मी म्हटलं, तुमच्यासाठी दोन्ही दारं कायम उघडी. त्याला भरून आलं.

१३ ऑगस्ट, १२.००
भेटी आज एकतीस. सरासरी वेळ अकरा सेकंद. समस्या घेऊन येतात, रजिस्टरमध्ये सही करतात, माझ्याकडे बघून हसतात आणि हलके होऊन जातात. माझ्या चेहऱ्यातच काहीतरी असावं. आरशात पाहिलं. आहे.

१७ ऑगस्ट
टेबल वाटेत येत होतं, भिंतीला लावलं. जमिनीवर पिवळे बाण रंगवले, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. मागच्या दाराची बिजागरी कुरकुरत होती, तेल घातलं. शिपाईमामा कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, पोरांची फारच सोय करताय साहेब. मी म्हटलं, मामा, त्याचाच तर पगार घेतो. ते तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले. बराच वेळ खोकत होते. छाती दाखवून घ्या म्हणून सांगायला हवं.
निळी सॅक पुन्हा आली. बसते. सरासरी बिघडते. गर्दीची वेळ टाळत जा, असं सौम्यपणे सांगितलं.

२२ ऑगस्ट
तीनशे ओलांडले. समोरच्या वर्गाचे सर जिन्यात भेटले, मान फिरवून गेले. त्यांच्या तासाला आता दीड बाक भरतं. मत्सर समजू शकतो.
ताईने विचारलं, इतक्या जणांना सांगितलंस तरी काय? मी म्हटलं, ते गोपनीय असतं.

२६ ऑगस्ट
चारशे बारा. मॅडम उद्या कक्ष बघायला येणार. विद्यार्थ्यांना मुद्दाम कळवलं नाही. गर्दी नैसर्गिक दिसली पाहिजे. शर्टाला दोनदा इस्त्री.

२७ ऑगस्ट, दुपारी १.१५
मॅडम पुढच्या दाराने येतील असं मी धरून चाललो होतो. त्या गल्लीतून आल्या. ११.०६ ला. त्याच वेळी त्या दारातून अडतीस जण बाहेर पडत होते. पहिल्याने मॅडमना पाहून पाय रोवले, पण मागच्यांना काही दिसत नव्हतं. बाण मी ठळक रंगवले होते. मॅडम गल्लीतल्या चहाच्या गाडीपर्यंत मागे रेटल्या गेल्या. चहावाला म्हणाला, बाई, या वेळेला अशीच झुंबड असते, पाच मिनिटं बसा. मग माझ्याकडे हात करून म्हणाला, यांच्या कृपेने दोन बाकडी वाढवली.

३१ ऑगस्ट, दुपारी १२.५०
पद कायम. पत्र तीनदा वाचलं. पदाचं नाव: रखवालदार, मागचं दार. खोलीत मोडकी बाकं आली. दाराला बाहेरून कुलूप, किल्ली माझ्याकडे, बसायला गल्लीत स्टूल. ताई म्हणाली, कायम तर झालास. स्टूल तसं उंच आहे.
११.०५ ला आतून दार ढकलल्याचे आवाज. मग सामसूम.
११.२० ला निळी सॅक, मोठ्या फाटकाने वळसा घालून. बसू का म्हणाली. मी स्टूल दिलं, स्वतः पायरीवर बसलो. माहितीपत्रक जवळ नव्हतं. म्हणून खरं ते सांगून टाकलं. माझ्या तब्येतीला काहीएक झालं नव्हतं. तीन आठवडे माझा वर्गच सापडला नाही आणि कोणाला विचारायची लाज वाटली. ती हसायला लागली. स्टूल डुगडुगेपर्यंत हसली. मग वही काढली. पहिलं पान मलाही कळलं नाही. दोघांनी जाऊन समोरच्या वर्गाच्या सरांनाच विचारायचं ठरवलं. निदान तो वर्ग कुठे आहे हे मला माहीत आहे. सरांनी आधी माझ्याकडे, मग तिच्याकडे पाहिलं आणि खडू उचलला. ती उद्याही येणार आहे.
भेटी: एक. वेळ मोजायची राहिली.
परत आलो तर दार सताड उघडं. किल्ली मी कुलपातच विसरलो होतो. चहावाला मान खाली घालून कप विसळत होता. बाकड्यांवर अडतीस जण. सगळे सरकले आणि म्हणाले, या सर, बसा.
मॅडमना कोणी सांगितलेलं नाही, असं मी धरून चाललो आहे.