क्लबचं बॅरल माझ्या तळघरात

१४ सप्टेंबर, रविवार

बॅरल आलं. केंटकीचं, आतली व्हिस्की काढून घेतलेलं, लाकूड अजून ओलं. तळघरात उतरवताना ड्वेनने जिन्याच्या भिंतीचा रंग खरवडला. ड्वेन म्हणजे माझा मेहुणा. लोरेनचा भाऊ आहे, म्हणून घरात येऊ देतो.

घरी बिअर बनवणाऱ्यांच्या आमच्या क्लबातल्या प्रत्येकाने आपली काळी, दाट स्टाउट बिअर आणली आणि सगळी एकाच बॅरलमध्ये ओतली. पद्धतच आहे तशी. म्हणजे एकाची घाण सगळ्यांच्या नशिबी. म्हणून मी प्रत्येकाच्या बादलीचा वास घेतला. ग्लेनच्या बादलीला काकडीच्या लोणच्याचा वास येत होता. तसं सांगितलं, तर म्हणाला, "वॉल्टर, तुझ्या मिशीला येतोय तो." असली माणसं.

यंदाची पाककृती ड्वेनची. व्हॅनिला, कोको, भाजलेलं खोबरं आणि वर मेपलचा पाक! ही बिअर आहे की वाढदिवसाचा केक? मी एकट्याने विरोध केला. पण नॉर्बर्ट म्हणाले, "होऊ दे रे गोड. मला तोंड गोड करून जाऊ दे." त्यांच्यापुढे मी बोलत नाही. या अख्ख्या शबॉयगन गावात बिअर कळणारी माणसं दोनच, एक ते आणि दुसरा मी. क्लब त्यांनीच काढला. फेब्रुवारीत ते मुलीकडे ॲरिझोनाला जाणार, कायमचे. तिथे डॉक्टर आणि मुलगी, दोघांचीही बिअरला बंदी. तेव्हा या बॅरलमधला ग्लास हा त्यांचा आयुष्यातला शेवटचा.

राखणदार म्हणून मला निवडलं. कारण सांगितलं, माझं तळघर थंड आहे. खरं कारण माझी जीभ, पण ते कोण कबूल करणार? फेब्रुवारीत बॅरल उघडायचं आणि त्याच दिवशी नवा अध्यक्ष निवडायचा. दोन अधिक दोन किती, ते ग्लेनलाही येत असावं.

नॉर्बर्टनी जाताना बजावलं, "बूच उघडत बसू नकोस. महिन्याने चमचाभर घे, पुरे. हवा लागली की संपलं."

मला सांगायची गरज नव्हती.

५ ऑक्टोबर, रविवार

बूच उघडलं. महिना झाला नाही, पण चमचाभरच तर घ्यायची होती. बॅरलमधून नमुना काढायला काचेची लांब नळी असते. तिला या धंद्यात 'चोर' म्हणतात. असलं हलकं नाव कोणी ठेवलं कोण जाणे.

चव: अति गोड. लाज वाटावी इतकी. जळलेली साखर, खोबरं, मागाहून व्हिस्की. लहान मुलांच्या दुकानात दारुडा शिरल्यासारखं.

खात्री करून घ्यायला पुन्हा एकदा चाखली. गोडच.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

ठराव: आठवड्याला एकच नमुना. अभ्यास म्हटला की शिस्त हवी. नॉर्बर्ट मोठे आहेत, पण महिन्याने चाखून काय कळणार? चव रोज बदलते. आज तळलेल्या माशाबरोबर कशी लागते ते पाहिलं. वाईट लागते. माशाशिवाय पाहिली. जरा बरी.

लोरेन वरून ओरडली, "खाली काय सत्संग चाललाय का?" मी अभ्यास म्हणालो. म्हणाली, "कॉलेजात केला असतास तर आज गटारं विकत नसतास." मी विकतो ती छपराची पन्हळ आणि गटार यांतला फरक या बाईला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

ड्वेन आला, फुटबॉल बघायला म्हणून. डोळा बॅरलवर. म्हणाला, "राखणदारसाहेब, गरिबाला एक घोट?" मी साफ नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम. उद्या प्रत्येक जण घोट मागेल, मग नॉर्बर्टना काय, बूच देऊ?

तो गेल्यावर थोडी बिअर व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून पाहिली. गोडावर गोड घातलं की गोडी कळेनाशी होते का, एवढंच तपासायचं होतं. तीन वाट्या लागल्या. निष्कर्ष नक्की नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, थँक्सगिव्हिंग

ठराव: डिसेंबरभर बूच बंद.

टर्कीबरोबर एक जग काढला होता. पाहुण्यांना दिला नाही, त्यांची लायकी नाही. लोरेनची मावशी गोड वाइनमध्ये बर्फ घालते.

पातळी जरा खाली गेलेली दिसते. याला शास्त्र आहे. बॅरलच्या लाकडातून थोडी बिअर उडून जाते, तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्याकडचे देवदूत यंदा जरा जास्तच पितात.

१३ डिसेंबर, शनिवार

पातळी बरीच खाली. वरच्या मोकळ्या जागेत हवा साठते आणि हवा म्हणजे नाश, हे मला ग्लेनने शिकवायला नको. जुने वाइनवाले अशा वेळी काचेच्या गोट्या टाकतात, त्याने पातळी वर येते. मला बरोबर आठवलं. इथे दुसऱ्या कोणाला आठवलं असतं?

लोरेनच्या हॉलमधल्या फुलदाणीत काचेच्या गोट्या आहेत, कापडी फुलांखाली. नळाखाली धुतल्या. धूळ होती, पण काचेला काय होतंय? सगळ्या आत सोडल्या. पातळी बोटभर वर आली.

आता परवडत होतं, म्हणून एक नमुना घेतला.

४ जानेवारी, रविवार

नवीन वर्षाचा ठराव मोडला असं म्हणता येणार नाही, कारण तो सोमवारपासून लागू आहे.

चवीत फार मोठी प्रगती. गोडी मागे सरली आणि एक बारीक आंबटपणा आला, हिरव्या सफरचंदासारखा. जुन्या युरोपियन बिअरमध्ये असतो तसा. ड्वेनच्या केकची मी बिअर करून दाखवली! मी नुसता राखणदार नाही, कारागीर आहे.

लोरेनने विचारलं, फुलदाणीतल्या गोट्या कुठे गेल्या. मी म्हणालो, कसल्या गोट्या? ती रिकामी फुलदाणी माझ्यासमोर ठेवून गेली.

२५ जानेवारी, रविवार

आंबटपणा प्रौढ झाला. घोटाला डोळ्यांत पाणी येतं. खोल चव आहे, सामान्य माणसाला झेपणार नाही. मलाही अर्धा ग्लासच झेपला.

लोरेन म्हणते, तळघरात नखांचं पॉलिश पुसायच्या औषधाचा वास येतो. तिला नाकच नाही. मग तिने माझी पँट धुवायला घेतली, कमरेचं ताणून तुटलेलं बटण हातात धरलं आणि विचारलं, "हेही अभ्यासातच तुटलं का?"

नॉर्बर्टचा फोन आला. सामान बांधून झालंय. म्हणाले, "वॉल्टर, डोळे लागलेत रे त्या ग्लासाकडे. कशी झालीय?" मी म्हणालो, तुम्ही आयुष्यात अशी प्यायला नसाल.

अध्यक्षपदाचं भाषण लिहायला घेतलं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सगळे आले. बाटल्या, बुचं, नळ्या, पोरासोरांचा उत्साह. नॉर्बर्ट टाय लावून आले होते. मुलगी गाडीत बसून राहिली, उद्या सकाळचं विमान.

ड्वेनने अंदाज घ्यायला बॅरलला हात लावला आणि ते हललं. एका हाताने. आतून खडखड आवाज आला. त्याने पुन्हा हलवलं, पुन्हा खडखड. लोरेन जिन्यावर उभी होती. म्हणाली, "सापडल्या माझ्या गोट्या."

मी देवदूतांच्या वाट्याचं शास्त्र समजावून सांगितलं. ड्वेनने माझ्या पोटाकडे बघितलं. म्हणाला, "कुंपणानंच शेत खाल्लं की रे!" ग्लेन हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

उरलेली ग्लासांत ओतली. ड्वेनने घोट घेतला आणि बादलीत थुंकला. ग्लेन म्हणाला, "हे व्हिनेगर आहे. कोबीवर घालता येईल." मी सांगू लागलो की हा युरोपियन आंबटपणा आहे, जिभेला सवय लागते. कोणी ऐकत नव्हतं. सगळे नॉर्बर्टकडे बघत होते. त्यांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला आणि अर्धा प्यायला. हळूहळू. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "खूप जीव लावलास रे हिला."

बघा! ज्याला कळतं त्याने दाद दिली. हे मी तेव्हा मोठ्याने म्हणालोसुद्धा.

उरलेला अर्धा ग्लास मात्र त्यांनी पुन्हा उचलला नाही. बाकावर ठेवला, तो तसाच होता.

भाषण झालं नाही. सगळ्यांनी हात वर करून ड्वेनला अध्यक्ष निवडलं. माझाही हात वर होता, का ते माहीत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

कालचं एक लिहायचं राहिलं.

निघताना नॉर्बर्ट स्वयंपाकघरात थांबले. फ्रिजमध्ये काही आहे का, असं त्यांनी लोरेनला हळूच विचारलं. सॉसेज उकडायला ती आणते त्या स्वस्त बिअरचा एकच डबा होता. पाण्यासारखी असते, मी तिला बिअर म्हणत नाही. लोरेन ग्लास काढायला गेली, तर ते म्हणाले, राहू दे, मुलगी हॉर्न देतेय. कोट घालून, उभ्या उभ्या, डब्यालाच तोंड लावून त्यांनी सगळी संपवली. डोळे मिटून.

मी दारात होतो. त्यांना वाटलं मी खालीच आहे.

लोरेनने विचारलं, बरी आहे का? म्हणाले, "गार आहे."