डाव्या हाताची शीर

१२ जानेवारी
वाशीमच्या लॅबमध्ये. उद्या चौथा केमो, त्याआधीचं रक्त. उजवा हात बंद, छातीच्या ऑपरेशनमध्ये बगलेतल्या गाठी काढल्या तेव्हापासून. त्याला सुई नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही. राहिला डावा. डाव्यात शिरा नाहीत. म्हणजे असतील, सापडत नाहीत.
नवी पोरगी होती. चार ठिकाणी टोचलं. म्हणे, "मावशी, पाणी पेत जा न." दोन तांबे पिऊन गेले होते. शेवटी पंजाच्या पाठीवरून निघालं, थेंब थेंब. तिचेच डोळे भरले. मी म्हटलं, होते बाई, रडू नको.

१३ जाने.
अकोला. रिपोर्ट बरा, केमो झाला. औषध चढताना कोपरापर्यंत जाळ. हे गिरणी बंद ठेवून आले होते, कपड्यावर तरी पीठ होतंच. दिवसभर बाकड्यावर. परत येताना एसटीत माझी पिशवी, बाटली, स्वेटर सगळं यांच्याच मांडीवर.

१९ जाने.
शीर काळी पडली. पंजापासून वर, पेनाने रेघ मारल्यासारखी. दाबलं तर सुतळीसारखी लागते. वैशूने रेघेवर बोट फिरवलं. "आई, दुखते?" नाही म्हटलं. मग तिने स्वतःचा हात उलटा करून पाहिला. दहावीची पोर, अभ्यास सोडून कंदिलासारखी हातावर मोबाइलची बत्ती धरून बसली. तिच्याही दिसत नाहीत.
वळून भाकरी टाकायला गेले. 

२७ जाने.
अंगणवाडीत लसीकरण. मी सुट्टीवर, पण मदतनीस एकटी पडते. गर्दीत जायचं नाही, तरी तोंडाला रुमाल बांधून गेले. चौदा वर्षं लेकरं मांडीवर घट्ट धरली. "काही नाही होत, मुंगी चावते" असं प्रत्येकाला सांगितलं. आज एका पोराने सुई पाहून माझ्या गळ्याला मिठी मारली आणि ते वाक्य तोंडातून निघेना. आईजवळ देऊन बाहेर आले.
वानखडे सिस्टर मागे आल्या. गावच्या उपकेंद्राच्या. डावा हात पाहिला. "हे कोनं केलं?" म्हटलं, सगळ्यांनी थोडं थोडं.

३१ जाने.
सात वेळा. सातही मोजले.
लॅबमध्ये आज जुना माणूस होता. पट्टा इतका आवळला की बोटं निळी. सुई आत घालून इकडेतिकडे फिरवत होता. मी भिंतीकडे पाहत होते. शेवटी नळीत बोटभर आलं. मागे रांगेतले लोक बघत होते, त्यांच्यासमोर म्हणाला, "असा हात आमच्याकडं नका आनू बाई, मोठ्या दवाखान्यात जा." असा हात. जसं काही मी बाजारातून आणला.
संध्याकाळी फोन. रक्त नळीतच गोठलं. पुन्हा द्या.

२ फेब्रु.
सकाळच्या गाडीने एकटी गेले. उद्या पाचवा केमो, आज रक्त दिलंच पाहिजे. हे येतो म्हणत होते, गिरणीवर दळणाची रांग होती. मीच नको म्हटलं.
लॅबच्या पायरीपर्यंत गेले. दार काचेचं. आत तोच माणूस.
पाय उचलला नाही.
स्टँडवर येऊन बसले. दोन तास. पेरू घेतला, खाल्ला नाही. मग गावाकडची, रिठदची गाडी.
यांनी विचारलं, "झालं?"
"झालं."
"कितीकदा टोचलं?"
"एकदाच."
इतके खुश झाले. सासूबाईंना हाक मारून सांगितलं. "माय, आज एकदाच!" त्यांनी देवापाशी साखर ठेवली.
हे लिहितेय कारण कुणाला तरी

३ फेब्रु.
अकोल्याला खिडकीवर रिपोर्ट मागितला. हे म्हणाले, मोबाइलवर आला असेल, दाखव. मी मोबाइल काढला, पाहिल्यासारखं केलं. मग सांगितलं, दिलंच नाही.
रक्त तिथेच द्यावं तर मी बाकड्याची कड धरून बसले. उठेना. डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. रागावल्या नाहीत. चार दिवस घ्या, रक्त देऊन या, फार लांबवू नका म्हणाल्या.
 परतीत वाशीमला गाडी बदलताना हे म्हणाले, "तू बसली कुठी होती?"
"स्टँडवर."
"मले सांगतलं काहून नाही?"
"तुमी नेलं असतं."
"हाव, नेलं असतं." मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन, "आन् धरून बसवलं असतं. म्हनून नाही सांगतलं न?"
मी एसटीच्या पाटीकडे पाहिलं. त्यांना कळलं.

४ फेब्रु.
सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. देवापुढची साखर तशीच. मुंग्या लागल्या.

६ फेब्रु.
वानखडे सिस्टर घरी आल्या. मी बोलावलं नव्हतं. हे गेले असतील उपकेंद्रात.
घाई नाही. आधी चहा प्यायल्या. घमेल्यात कोमट पाणी, हात कोपरापर्यंत त्यात, मग खाटेवरून खाली लोंबता. पट्टा सैल, बाहीवरून. लहान लेकरांची बारीक सुई. "मी दोनदाच पाहीन. नाही जमलं तर घरी जाईन." सासूबाई शेजारी बसल्या, माझं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं. तीन दिवसांत पहिल्यांदा बोलल्या, "रेखे, इकडं पाह्य माह्याकडं."
पहिल्याच सुईत निघालं. नळी भरली. मी रडले, सिस्टरनं रडू दिलं.

७ फेब्रु.
रिपोर्ट. पांढऱ्या पेशी कमी. केमो आठवडाभर पुढे.
म्हणजे त्या दिवशी रक्त दिलं असतं तरी कदाचित थांबवलाच असता. हे म्हणाले, "पाह्य, तुही चूक नोयती." मला तसं नाही वाटत. २ तारखेला रक्तात काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

१४ फेब्रु.
अकोला. पाचवा झाला, पण सुई लावायला पाऊण तास. दोन सिस्टर, मग भूल देणारे डॉक्टर. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, या हाताच्या शिरा संपत आल्या, अजून बरेच केमो बाकी. गळ्याखाली कातडीच्या आत छोटी डबी बसवू, औषध तिच्यातून जाईल, रक्तही बहुतेक तिथूनच निघेल. छोटं ऑपरेशन.
पुन्हा कापायचं. उजवीकडे सपाट, आता डावीकडे डबी.
हे म्हणाले, बसवा. मी म्हटलं, विचार करते. बाहेर आल्यावर भांडलो, चहाच्या टपरीवर, लोकांसमोर. "तुह्या अंगावर कापतात, माह्या नाही, मले समजते," म्हणाले, "पन मी काय करू?" कप हातातच राहिला त्यांच्या.

१८ फेब्रु.
वैशूने विचारलं, हा आजार आईकडून मुलीकडे येतो का. कुठे ऐकलं? शाळेत. डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या, पुढे कधीतरी तिचंही रक्त तपासू. ते तिला सांगितलं नाही. म्हटलं, अभ्यास कर.
रात्री जेवताना यांना म्हटलं, डबी बसवू.

२३ फेब्रु.
ऑपरेशन परवा. त्याच्या आधी रक्त. गोठायला किती वेळ लागतो ते बघतात. ही नळी खुणेपर्यंत भरावीच लागते, कमी चालत नाही.
सिस्टर सकाळीच आल्या. कोमट पाणी, सगळं तसंच. पहिली नाही. दुसरी लागली. नळी अर्धी भरली, पाऊण, मग धार थांबली. त्यांनी सुई हलवली नाही. वाट पाहिली. अजून दोन थेंब. खुणेच्या जरा खाली.
"मी दोनदाच म्हनलं होतं," म्हणाल्या आणि सुई काढली.
लॅबला फोन लावला. आणून दाखवा, बघून सांगू म्हणतात. हे नळी शर्टाच्या खिशात उभी ठेवून मोटरसायकलवर गेले. साडेदहा झाले. पोचले असतील.
लॅबने नाही म्हटलं तर? सिस्टर म्हणाल्या, मंग पायाची पाहू, आधी डॉक्टरीणबाईले इचारून.
पाय अजून कुणी पाहिले नाहीत. अंगणात उन्हात बसून मीच पाहतेय. घोट्यापाशी एक दिसते. हिरवट. बोट ठेवलं तर सरकते.