नियमित वाचक

३ मार्च
परत तेच — पहिलं पान, पहिलं पान! साहेबांचं नावच आम्ही 'पहिलं पान' ठेवलंय. शिलाई मशीन विकणाऱ्या गिऱ्हाइकाची साइट सर्चमध्ये चौथ्या पानावर आहे. तिथे काळं कुत्रंही फिरकत नाही. त्यांचा लेख आज पुन्हा लिहिला. 'शिलाई मशीन' इतक्यांदा घुसडलंय की वाचणाऱ्याला उचकी लागावी. घरी आले, जेवले. बाबा म्हणत होते, "मी हल्ली जरा लिहितो." मी "बरं" म्हटलं आणि आडवी झाले.

५ मार्च
लिंका मागायचा दिवस. जितक्या साइटींवर गिऱ्हाइकाची लिंक, तितकं ते सर्चमध्ये वर. दुसऱ्यांच्या साइटवर एखादी बंद पडलेली लिंक हुडकायची, मालकाला कळवायचं आणि हळूच म्हणायचं — तिच्या जागी आमची टाका ना! साइटींची यादी प्रोग्रॅम काढतो, पत्रही तोच पाठवतो, मी नुसतं बटण दाबते. खाली ऑफिसने दिलेल्या खोट्या नावाची सही. पहिलं वाक्य साहेबांचं लाडकं: "आपलं लिखाण मी नेहमी आवडीने वाचते." एक ओळ वाचलेली नसते! गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. लाजही नसते.

६ मार्च
कुणाचंच उत्तर नाही.

८ मार्च, रविवार
सकाळी बाबा चहाचा कप घेऊन आले ते उड्या मारतच. "अगं, मला एक वाचक मिळाली!"

"तुम्हाला?" आई म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही त्याच्यावर पत्ते खेळता."

'तो' म्हणजे माझा जुना लॅपटॉप. बाबांनी जन्मभर शिलाई मशिनं दुरुस्त केली. त्याच गोष्टी गेलं वर्षभर ते एका साइटवर लिहितायत, स्वतःचं नाव न घालता. मला आज कळलं! चष्मा लावून पत्र वाचून दाखवलं — "आपलं लिखाण मी नेहमी आवडीने वाचते." ते वाक्य दोनदा वाचलं. वर, "नेहमी म्हणतेय हं ती!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. छान आहे म्हटलं आणि गरम चहा तसाच घशाखाली ढकलला.

९ मार्च
बाबांनी लिंक टाकलीसुद्धा. साहेबांनी बघितली आणि नाक मुरडलं. "या साइटवर चिटपाखरू येत नाही. उपयोग शून्य. पुढची बघा." शून्य!

त्यात त्या खोट्या बाईला बाबांचं पत्र: "आपल्याला काय आवडलं ते कळवाल का?"

१० मार्च
सांगून टाकावं. पण काल ते दाढी करताना गुणगुणत होते. कळलं तर लिहिणंच बंद करतील. खोट्याला खोटं जोडत किती दिवस जायचं?

जेवणाच्या सुट्टीत त्यांची साइट उघडली. एक शिंपीण आपल्या मशीनला 'सवत' म्हणायची, ते वाचून एकटीच हसत सुटले. मग एका पानाच्या शेवटी हे: "मुलगी दिवसभर स्क्रीनवर वाचून थकून येते. तिला आणखी हे काय वाचायला द्यायचं!" बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. मग त्यांना उत्तर लिहिलं. सही खोटी, बाकी अक्षर न् अक्षर खरं.

१४ मार्च
ते लिहितात, मी उत्तर देते. डोळे चुरचुरतात तरी वाचते. आज जेवताना म्हणाले, "बाई मोठी चौकस आहे!" आई म्हणाली, "जपून हं, या वयात!" दोघं हसले. मी पाणी आणायला उठले.

१७ मार्च
आमचं गिऱ्हाईक पहिल्या पानावर! साहेबांनी पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना हसून दाखवलं. मला काहीच वाटलं नाही. झोप हवी.

१९ मार्च
बाबांनी त्या बाईला घरी चहाला बोलावलंय.

२० मार्च
सांगितलं. सगळं, एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

बाबा म्हणाले, "त्या रविवारीच कळलं. मी पत्र वाचत होतो आणि तुझं तोंड पांढरंफटक पडलं होतं."

"मग मला पत्रं का लिहीत राहिलात?"

"तू वाचत होतीस ना."