मेन्यूतली मोकळी जागा

१८ जुलै, शुक्रवार

वेबसाइटच्या मेन्यूतले चार शब्द एका ओळीत उभे करायला अख्खा दिवस गेला! एक वर, एक खाली. शेवटी कोडमध्ये फ्लेक्स लावलं तेव्हा कुठे सरळ झाले.

हेमकांत पुण्यात बसून हुकूम सोडतो — कानबाईच्या सणाआधी भाऊकीची वेबसाइट झाली पाहिजे, ताई! धाकटा भाऊ, पण तोरा थोरल्याचा. कानबाईच्या रोटाला, म्हणजे नैवेद्याला, घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. मुलींची मूठ धरतच नाहीत. वेबसाइट मात्र मुलीनं करायची!

१९ जुलै

मेन्यूत चारही भावांची घरं टाकली होती. आबा, दादा, नाना, बापू. लहानपणापासून एका दमात म्हणायची सवय. दादांनी — म्हणजे माझ्या वडिलांनी — स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळाला आठी.

"नानानं नाव काढी टाक."

नानाचं नाव काढलं. त्यांच्यापुढे कोण बोलणार!

२१ जुलै

नाव काढलं पण नाना डोक्यातून जात नाही.

चुडामणनाना. सुरतला कापडाच्या मिलमध्ये. श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी, शनिवारी एसटीतून उतरायचा तो नानकटाईच्या वासासकट. गहू मोजायची वेळ आली की मला जवळ ओढायचा. माझ्या मुठीत गहू भरायचा, वरून आपली मूठ मिटायचा आणि सुपात टाकायचा. मोठी गजराकाकू ओरडायची — "पोरना हात नको!" नाना हसायचा — "हात मन्हाच शे, वहिनी, मझार पोर शे." मूठ त्याची, मी नुसती आत. सोमवारी कानबाई विसर्जनाला नदीवर निघाली की फुगडी घालून घालून पार घामाघूम.

मग नऊ वर्षांपूर्वी त्याला मिलमधून सुट्टी मिळेना. दादा चिडले. त्याची मूठ न घेताच दळण केलं. नाना रविवारी धावतपळत पोचला, तर रोट तयार आणि त्यात त्याचे गहू नाहीत! म्हणजे भाऊकीतूनच बाहेर. पाणीसुद्धा न पिता तसाच परत गेला. मी दारात उभी होते. नानकटाईची पिशवी ओट्यावरच राहिली.

त्यानंतर आला नाही. दोघांत कोणी फोनही केला नाही. मला फार आठवतो.

२४ जुलै

नवीन त्रास. सगळ्यांत सारखं अंतर ठेव म्हणून कोडला सांगितलंय, तरी दादा आणि बापू यांच्यामध्ये दुप्पट जागा! पडलेल्या दातासारखी दिसते. कोड तीनदा वाचला. हेमकांतला धीर नाही, म्हणून तशीच लिंक ग्रुपवर टाकली. नाना त्या ग्रुपवर नाहीच.

गजराकाकूनं फक्त स्वतःचा फोटो बघितला आणि म्हणाली, काळी दिसते.

२७ जुलै

सापडलं! नानाचं नाव पुसलं होतं, पण नावाभोवतीचा रिकामा डबा यादीत तसाच राहिला होता. आत काही नाही, तरी रांगेत उभा — म्हणून दोन्ही बाजूंनी जागा खातोय. वेंधळी मी!

काढणार तोच दादा मागे.

"ती मोकळी जागा कोनी शे?"

'नानाची' म्हणता म्हणता जीभ चावली. म्हटलं, चूक आहे, आत्ता काढते.

"ऱ्हाऊ दे आते. जेवाले चाल."

जेवण झालं आणि लाइट गेली ती सकाळपर्यंत. राहिलंच.

३० जुलै

सुरतहून फोन! नऊ वर्षांनी तोच आवाज, जरा घोगरा.

"शीला, देखी मी तुन्ही वेबसाइट. दादा नि बापूना मझार मोकळी जागा शे. मन्ही शे का ती?"

काय सांगू? विसरून राहिली म्हणू? "हो नाना," म्हटलं. मग म्हणाला, "येस मी शनिवारी."

फोन ठेवला. नाना खरंच येतोय! लिंक पाठवण्याचा उद्योग हेमकांतचाच असणार. आणि दादांनी पुन्हा त्याची मूठ घेतली नाही तर? या वेळी गेला तर कायमचा. आणि बोलावलंय मी, एका चुकीच्या जोरावर.

१ ऑगस्ट

दादांना सांगायला तीनदा गेले. तिन्ही वेळा चहा देऊन परत आले. भित्री!

२ ऑगस्ट, शनिवार

नाना आला. केस पांढरे, हातात तीच नानकटाई. दादांनी गव्हाचं सूप उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. नानानं माझा हात ओढला, मुठीत गहू भरले, वरून आपली मूठ मिटली. या वेळी गजराकाकू ओरडली नाही!

नंतर हळूच विचारलं — लिंक हेमकांतनं पाठवली ना?

"हेमकांतनी? तुन्हा बापनी धाडी, पोरी! इस्वास बसना नही म्हनीसन तुले इचारं. फोन करीसन बोलना — तुन्ही जागा मोकळी शे, गहू मोजाना पहिले ये."