सातव्या पायरीनंतरचा अनुभव

बाबा, दांडिया बाजारातलं घर आवरताना बिस्किटांच्या डब्यात, फाशांच्या खाली, खेळातल्या माझ्या पात्राचा तो कागद सापडला. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आपण खेळायचो. तुम्ही गोष्ट सांगायचात आणि मी फासे टाकत त्या गोष्टीत जगायचे. सयाजीगंजातून झेरॉक्स करून आणलेलं नियमांचं इंग्रजी पुस्तक तुम्ही हौसेने मराठीत उतरवलं होतंत. माझं पात्र अर्धयक्षिणीचं, लढवय्यी आणि मांत्रिकीण एकाच वेळी. दोन्ही हवं म्हणून मिळालेला अनुभवही, म्हणजे वरच्या पायरीवर नेणारे गुण, निम्मा-निम्मा वाटला जायचा. त्यात यक्षकुळाला लढाईत सातव्या पायरीच्या वर चढायला मनाई. तिथे पोचल्यावरही तुम्ही वाटणी थांबवली नाहीत. लढाईचा आता वाया जाणारा निम्मा वाटा लिहायचात, शेजारी कारण, 'पूल राखला', 'दार उघडलं', आणि लगेच त्यावर काट मारायचात. पेन्सिल इतकी दाबून की कागदाच्या मागे वळ उठायचा.

एका रविवारी मी चिडले. हवाय कशाला असला नियम, काढून टाका. तुम्ही शांतपणे म्हणालात, "ती तीनशे वर्षं जगणार आहे, बेटा. तिला कुठेतरी थांबवायला हवं. माणसाला मर्यादा नाही, कारण तो मुळातच थोडा जगतो." मी फासे फेकून उठले, ती पुन्हा त्या टेबलाशी बसलेच नाही. तुम्ही दोनदा विचारलंत. त्याच वर्षी तुम्ही गेलात. ते मला अजून सहन होत नाही.

आता समा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी अकरा वर्षांची मुलगी तेच पात्र घेऊन खेळते आणि गोष्ट मी सांगते. ती त्याच नियमावर अडली, गुजरातीत ओरडली. "मम्मी, आ तो चीटिंग छे!" मी समजवायला तोंड उघडलं आणि तुमची वाक्यं बाहेर पडली, जशीच्या तशी, 'बेटा' सकट. मी तिला कधीच बेटा म्हणत नाही. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग रडली. ती झोपल्यावर मी त्याच जुन्या कागदावर तुमच्या अक्षरात, पेन्सिल दाबून, दोन रविवारांचे वाटे लिहिले. काट मारली नाही.

गेल्या रविवारी तिची परीक्षा होती, आम्ही खेळलोच नाही. आज दुपारी कागद काढला तर माझ्या दोन ओळींखाली तिसरी ओळ आहे. आकडे मराठी. तिला ते लिहिता येत नाहीत, शाळेत शिकवतच नाहीत. मागे वळ उठलाय, मी हात फिरवून पाहिला. वाट्यावर काट नाही. शेजारी कारण लिहिलंय, 'परत आली'.

मुलीला मी काही विचारलेलं नाही. ती 'हो, मीच' म्हणेल याची मला भीती वाटते. पेन्सिलला टोक काढून ती कागदावर ठेवली आहे, बाबा.