दार नीट लागलंय का?

२ फेब्रुवारी
आजपासून नियमित रोजनिशी. रिटायर झालेल्या एकट्या माणसाला घर खायला उठतं म्हणतात. मला नाही. मला वेळच पुरत नाही. सकाळी पेपर, मग पेपरची घडी, मग... असतंच काहीतरी.

लायब्ररीत ग्रंथपाल बाईंनी भाषण द्यायला सांगितलं. महिनाअखेरच्या रविवारी. विषय: एका जाडजूड जुन्या कादंबरीतला एकटेपणा. मीच का, असं विचारलं. म्हणाल्या, तुम्ही रोज येता आणि दिवे मालवेपर्यंत बसता. गुणांची कदर असलेली बाई!

५ फेब्रुवारी
कादंबरी वाचतोय. नायक एकटा घड्याळजी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळात एक स्क्रू मुद्दाम सैल ठेवतो. म्हणजे गिऱ्हाईक परत येईल, दोन शब्द बोलेल. त्याची बहीण तर वरताण. रविवारची दुपार काढवत नाही म्हणून एका फिरत्या विक्रेत्याबरोबर निघून जाते, त्याचं नावसुद्धा न विचारता. शुद्ध वेडेपणा. भाषणासाठी मुद्दा: छंद जोपासायला हवे होते.

मुलाला फोन केला. मीटिंगमध्ये होता. नंतर करतो म्हणाला. करेलच.

९ फेब्रुवारी
लाइट गेले आणि मी लिफ्टमध्ये अडकलो. चौथ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधोमध. आमची लिफ्ट जुनी, सरकत्या जाळीच्या दाराची. भोवती जिना, त्यामुळे येणारंजाणारं सगळं दिसतं. काय धावपळ! सेक्रेटरी ओरडत आले, दार नीट लागलंय का बघा. लाइट गेलेत हे त्यांना मागाहून कळलं. तळमजल्यावरच्या सूनबाईंनी जाळीतून पाणी दिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघेवाल्या बाई खुर्ची टाकून बसल्या. त्यांना जिना जमत नाही, पण तोंड उत्तम चालतं. मी कोणत्या खात्यात होतो, बीपी किती, बायको कशाने गेली, सगळं विचारलं. इतकी वर्षं एका बिल्डिंगमध्ये राहून कुणी विचारलं नव्हतं.

लाइट अगदी नको तेव्हा आले. म्हणजे, बोलणं रंगात आलं होतं, एवढंच.

मुलाचा फोन नाही. कामात असेल.

१३ फेब्रुवारी
लिफ्टचं दार एकदा तपासायला हवं असं वाटलं. जबाबदार रहिवासी म्हणून. चालू लिफ्टमध्ये बोटभर सरकवून पाहिलं. लिफ्ट जागच्या जागी थांबली. बेल दाबली. मंडळी जमली. सेक्रेटरींनी विचारलं, दार नीट लागलंय का? मी म्हटलं, लागलंय हो. हे अगदीच खोटं नव्हतं. बरंचसं लागलेलं होतं.

छान गप्पा झाल्या. मग पाठ फिरवून दार हळूच लोटलं, बटण दाबलं. लिफ्ट आपोआप सुरू झाली असं सर्वांचं मत पडलं.

ठराव: पुन्हा नाही.

१६ फेब्रुवारी
पुन्हा. सूनबाईंनी चहा दिला. ठराव उद्यापासून लागू.

२० फेब्रुवारी
लिफ्टवाला आला. काही सापडलं नाही. सापडेल कसं? सेक्रेटरी त्याला सगळ्यांसमोर अद्वातद्वा बोलले. फुकट बिलं लावता म्हणाले. तो बिचारा वंगणाचा डबा धरून उभा. मी खाली मान घालून माझ्या चपला बघत होतो. चपला नवीन घ्यायला हव्यात.

काल मी पुन्हा अडकलो, त्या भानगडीत गुडघेवाल्या बाईंची डॉक्टरची वेळ चुकली म्हणे. तयार होऊन ताटकळत बसल्या होत्या. लिफ्टच जुनी, त्याला कोण काय करणार?

जेवण गेलं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं असावं.

२४ फेब्रुवारी
भाषणाला या म्हणून बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. सगळे म्हणाले, बघू. बघू म्हणजे नाही, हे लहान मुलालाही कळतं. बरंच झालं. मला श्रोत्यांची गरज नाही.

आरशासमोर भाषण म्हणून पाहिलं. घड्याळजीला असा झोडपला की बस्स.

२७ फेब्रुवारी, रविवार
लिहायची लाज वाटते. पण लिहितो.

भाषणाला निघालो. जिन्यावर चिटपाखरू नाही. मनात आलं, तिकडे रिकाम्या खुर्च्यांसमोर बोलण्यापेक्षा इथेच चार माणसं जमवावीत आणि तशीच सोबत न्यावीत. दार सरकवलं. बेल दाबली. कुणी आलं नाही. बराच वेळ दाबत राहिलो. जगात माणुसकी उरली नाही, हे वाक्य भाषणात घालायचं ठरवलं.

शेवटी गुडघेवाल्या बाई आल्या. ठेवणीतले कपडे, खांद्याला पर्स, हातात ती कादंबरी. म्हणाल्या, सगळी बिल्डिंग केव्हाच लायब्ररीत गेलीय, जागा धरायला. सेक्रेटरींनी पहिली रांग अडवलीय. त्या स्वतः लिफ्टसाठी थांबल्या होत्या.

माझी पाचावर धारण बसली. दार लावलं तर लिफ्ट सुटणार आणि बाईंसमोर बिंग फुटणार. नाही लावलं तर तिकडे माणसं खोळंबणार. मी काय केलं? अडकल्यासारखा चेहरा केला. म्हटलं, लिफ्टवाल्याला बोलवा.

बाईंनी फोन काढला नाही. कठडा धरून पायरीवर टेकल्या, त्या तसल्या गुडघ्यांनी. कादंबरी पूर्ण वाचली म्हणाल्या. घड्याळजीची कीव आली, पण राग जास्त आला. लोकांच्या गाड्या चुकल्या असतील, औषधं चुकली असतील, त्याचं त्याला काहीच कसं नाही? मग जराही आवाज न चढवता म्हणाल्या, तुम्ही अडकता तेव्हा मीसुद्धा घरात अडकते. आणि तुमच्या दाराची खडखड मला दुसऱ्या वेळेपासूनच ऐकू येते.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांच्यादेखत दार लावलं. तिसऱ्यावर थांबून त्यांना आत घेतलं.

लायब्ररी भरलेली. सेक्रेटरींनी विचारलं, परत अडकलात ना? मी हो म्हणालो. बाई शेजारी उभ्या असताना, हो म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

घड्याळजीला झोडपणारे कागद खिशातच ठेवले. तो वाईट नव्हता हो, एवढं म्हणालो आणि चष्मा काढून पुसू लागलो. लोकांना वाटलं भाषण संपलं. टाळ्या वाजवल्या.

२८ फेब्रुवारी
लिफ्टवाल्याची माफी मागायची आहे. त्याचा नंबर सेक्रेटरींकडे. म्हणजे आधी सेक्रेटरींना खरं सांगणं आलं. सकाळी गेलो होतो. ते घाईत दिसले. उद्या नक्की.

संध्याकाळी साखर मागायच्या निमित्ताने तिसऱ्या मजल्यावर गेलो. जिन्याने. बेल वाजवली. बाईंनी विचारलं, काय हवंय? वाटी आणायला विसरलो होतो. म्हटलं, काही नाही.

त्यांनी माझे रिकामे हात पाहिले. मग म्हणाल्या, या आत. आणि दार नीट लावा.